पेटीबाई आणि सपकाळांचा पाय

तळसर ते कोंडोशी या बसच्या इंजिनाची नियंत्रण पेटी मे महिन्याच्या अखेरीस नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाली. पेटीचं एक वर्ष माणसाच्या तीन वर्षांबरोबर धरतात, त्या हिशेबानं तिची अठ्ठावन्न पूर्ण झाली होती. मुदतवाढीसाठी तिनं अर्ज केला नव्हता आणि तिला तसं कोणी सुचवलंही नव्हतं.

दिसायला ही पेटी जेवणाच्या डब्याएवढीच होती. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पेडलपासून एक वायर तिच्याकडे यायची आणि तिच्याकडून पुढे इंजिनाकडे जायची. डिझेल किती सोडायचं आणि कधी सोडायचं, हे तिनं ठरवायचं. बस ज्या सहकारी प्रवासी संस्थेची होती, तिच्या दप्तरात पेटीचं नाव 'नियंत्रण पेटी' असं होतं, पण गावात सगळे तिला पेटीबाई म्हणत.

समारंभ संस्थेच्या डेपोतच झाला. मुलाणी मेस्त्रींनी चार बोल्ट सोडवून पेटीबाईंना डॅशबोर्डाखालून बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं आणि टेबलावर ठेवलं. संस्थेचे अध्यक्ष तात्या भिलारे यांनी त्यांना शाल पांघरली आणि नारळ समोर ठेवला. शाल मोठी असल्यामुळे पेटीबाई दिसेनाशा झाल्या, तेव्हा फोटोपुरती शालीची एक बाजू कोणीतरी वर धरली. भाषणात तात्या म्हणाले, की पेटीबाई कधी रजेवर गेल्या नाहीत, कधी कुणाशी भांडल्या नाहीत, आणि असा सेवक पुन्हा होणे नाही. हे वाक्य तात्या प्रत्येक निरोप समारंभात म्हणत. या वेळी ते जरा जास्तच खरं ठरलं.

पेढे खाऊन झाल्यावर कोंडोशीची मंडळी बसमध्ये जाऊन बसली. ड्रायव्हर हणमंत सपकाळ यांनी किल्ली फिरवली. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा फिरवली. मग कंडक्टर शैला केंजळे दारातून खाली वाकल्या आणि त्यांनी विचारलं, "तात्या, बाईंचा चार्ज कुनी घेतलाय?"

तो कोणीच घेतला नव्हता. तळसरची ही जुनी रीत होती. माणूस नोकरीत असताना त्याला त्याचं काम समजावून सांगायला लावणं म्हणजे तो कधी जातो याची वाट बघणं, असं समजत. तो गेल्यावर विचारणं म्हणजे आपल्याला काही येत नाही याची कबुली देणं. त्यामुळे विचारायची योग्य वेळ अशी कधी येतच नसे, आणि प्रत्येक टेबलावर नवा माणूस आला की ते काम पुन्हा पहिल्यापासून शोधून काढत असे.

तात्या टेबलाजवळ आले. "बाई, तेवढं इंजिन कसं चालवायचं ते सांगून ठिवा."

"कुणाला?" शालीच्या आतून पेटीबाईंनी विचारलं.

"आमाला."

"कार्यभार रिक्त पदावर कायम नेमलेल्या पेटीकडे देता येतो. अशी नेमणूक झाली आहे का?"

"न्हाय अजून."

"मग कुणाकडे देणार? शिवाय मी पाच वाजता कार्यमुक्त झाले."

तात्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून गेले होते. कोंडोशीची मंडळी बसमधून उतरली आणि वडापच्या खासगी जीपमागे धावली.

पेटीबाई जिथे तयार झाल्या होत्या, त्या कारखान्याच्या जागेवर आता मंगल कार्यालय होतं. त्यांना गाव असं राहिलं नव्हतं. सपकाळ म्हणाले, "बाई आमच्याकडं ऱ्हातील. इतकी वर्सं एका गाडीत काडली." त्यांनी पेटीबाईंना शालीसकट घरी नेलं. त्यांच्या पत्नी इंदूबाई यांनी त्यांना शोकेसमध्ये टीव्हीशेजारी जागा करून दिली आणि एक जुनी बॅटरी जोडून दिली, म्हणजे त्यांची जेवणाची सोय झाली.

पेटीबाईंचं सगळं चारचौघा निवृत्तांसारखंच झालं. पहिल्या फेरीच्या वेळेला त्यांना जाग यायची. बाहेर गारवा किती आहे, हे त्या इंदूबाईंना विचारायच्या, आणि मग आता या माहितीचं काहीच करायचं नाही हे आठवून गप्प बसायच्या. दुपारी मालिका बघायच्या. रस्त्यावरून गाडी गेली की तिच्या आवाजावरून तिच्या पेटीची शिस्त कशी आहे, ते सांगायच्या. कुणाची शिस्त त्यांना पसंत पडल्याचं मात्र ऐकिवात नाही.

सपकाळांना त्यांचा सहवास आवडे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर पितळेचा एक बिल्ला असे. विनाअपघात सेवेबद्दल संस्थेनं तो दिलेला होता आणि तो ते लग्नकार्यातही लावून जात. खिंडीतल्या वळणावर त्यांची बस कधी घसरली नव्हती, कठड्याला कधी घासलीही नव्हती. दोन्ही बाजूंनी ते वळण फसवं होतं. खिंड ओलांडली की रस्ता उताराला लागतो, थोडा वेळ सरळ दिसतो आणि मग एकदम बाजूला निघून जातो. जीपवाले तिथे देवाचं नाव घेत. सपकाळ घेत नसत. "पायाला समजतं," एवढंच ते म्हणत, आणि समोरचा माणूस त्यांच्या पायाकडे आदरानं बघत असे.

बस डेपोत उभीच होती. आठवड्याभरात संचालक मंडळाची सभा बसली आणि तिच्यात दोन पक्ष पडले.

पहिला पक्ष कुलथे सरांचा. ते जिल्ह्याच्या ठिकाणी इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत आणि त्यांची सासुरवाडी तळसर होती. सर म्हणाले, "जुन्या पेटीच्या डोक्यात काय होतं, हे उकरत बसण्यात अर्थ नाही. आपण आपली स्वतःची पेटी घडवू. आपल्याला हवी तशी."

"हवी तशी म्हंजी कशी?" मुलाणी मेस्त्री म्हणाले. ते दुसरा पक्ष होते. "आपल्याला काय हवं हाय, हे आपल्याला कुटं ठावं हाय? ते फकस्त बाईंना ठावं हुतं. त्यांचं डोकं उलगडायचं आन तसंच्या तसं दुसऱ्या पेटीत घालायचं."

"त्या काही सांगत नाहीत, मेस्त्री."

"त्या सांगत न्हाईत. आपन काडून घ्यायचं."

तात्यांनी सपकाळांना विचारलं, कारण बस शेवटी त्यांनाच चालवायची होती. सपकाळ उभे राहिले. "हाय तशीच पायजे," ते म्हणाले. "माझ्या पायाला बाईंची सवय हाय आन बाईंना माझ्या पायाची. त्यात बदल करू नये."

सभेनं यावर पुष्कळ विचार केला आणि नेहमीप्रमाणे दोन समित्या नेमल्या. एक नवनिर्मिती समिती, अध्यक्ष कुलथे सर. दुसरी उकल समिती, अध्यक्ष मुलाणी मेस्त्री. वार्षिक सभेपर्यंत दोघांनी आपलं काम पुरं करायचं आणि सभेनं निवड करायची, असं ठरलं. तोवर कोंडोशीच्या लोकांनी धीर धरावा, असंही ठरलं. त्या सभेला कोंडोशीचं कोणी येऊ शकलं नव्हतं, कारण बस बंद होती.

कुलथे सरांनी नवी पेटी घडवली. ती अगदी कोरी आणि फार नम्र होती. तिच्यात काय घालायचं, हे ठरवताना सरांनी प्रत्येक संचालकाचं मत मागवलं आणि इथे त्यांची चूक झाली. एका संचालकांना बस जोरात पळणारी हवी होती, दुसऱ्यांना डिझेल वाचवणारी. तात्यांच्या आमराईजवळ धूर काढायचा नव्हता. एका संचालकांच्या मेहुण्याचं चहाचं हॉटेल होतं, त्याच्यासमोर इंजिनानं आपण होऊन दम खावा अशी त्यांची अपेक्षा होती. नवी पेटी सगळ्यांना होय म्हणाली. डेपोच्या आवारात किल्ली फिरवताच बस जी जागच्या जागी थरथरायला लागली, ती टपावर चढायची शिडी गळून पडली तरी थांबेना.

"अगं, काय करतेस?" सरांनी विचारलं.

"सगळ्यांचं करतेय, सर," पेटी म्हणाली.

सरांनी तिला पुसून पुन्हा कोरी केली. या खेपेला त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही आणि एकच गोष्ट आत घातली. ड्रायव्हरचा पाय जे सांगेल ते करायचं, तेवढंच करायचं, लगेच करायचं.

इकडे मुलाणी मेस्त्री रोज दुपारी चहाला सपकाळांच्या घरी येऊ लागले. त्यांची स्वतःची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. "निवृत्त मानसाला इचारायचं नसतं," ते अंगणातच सपकाळांना म्हणाले. "त्येच्यासमोर चुकीचं बोलायचं असतं."

मग ते आत येऊन शोकेसकडे पाठ करून बसले आणि मोठ्यांदा म्हणाले, "थंडीच्या दिसांत सकाळी इंजिन उटवताना डिझेल कमीच सोडाय लागतं. काय सपकाळ?"

टीव्हीवर मालिका चालू होती. पेटीबाई थोडा वेळ ती बघत राहिल्या. मग त्यांना राहवलं नाही. "जास्त," त्या म्हणाल्या. "थंडीत जास्त लागतं. इतकी वर्षं मेस्त्री म्हणून काढलीत आणि एवढं समजत नाही?"

मेस्त्रींनी कपाळाला हात लावला, आपल्याला हे माहीत नव्हतं असं कबूल केलं आणि बशीतला चहा संपवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चढावाबद्दल चुकीचं सांगितलं, तिसऱ्या दिवशी इंजिन तापण्याबद्दल. पेटीबाई रोज चिडायच्या आणि रोज बरोबर करून द्यायच्या. मेस्त्री निघून गेल्यावर त्या इंदूबाईंना म्हणायच्या, की हा माणूस नोकरीत टिकला कसा. असं आषाढभर चाललं. सपकाळांना मजा वाटे. आपण आणि बाई मिळून किती बारकाईनं काम करत होतो, हे त्यांना नव्यानं कळत होतं.

एका दुपारी मेस्त्री म्हणाले, "खिंडीतल्या वळणावर पेटीला काय कामच नसतं. ड्रायवर पाय काडतो, डिझेल आपोआप कमी हुतं."

"ड्रायव्हर पाय काढत नाही," पेटीबाई म्हणाल्या. "रस्ता सरळ दिसतो म्हणून तो उलट जोरात दाबतो. कमी मी करते."

आणखी चहा घेऊन आलेल्या इंदूबाई दारातच थांबल्या. मेस्त्रींनी बशी खाली ठेवली.

सपकाळ हसून म्हणाले, "बाई, म्या पाय काडतो की. इतकी वर्सं काडतोय."

"काढता. वळण संपल्यावर."

"मंग दाबलेलं जातं कुटं?"

"तुमच्या सूचनेची मी नोंद घेत असे," पेटीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि टोमणाही नव्हता. त्या फक्त चुकीचं बरोबर करत होत्या. "फक्त त्या वळणावर नाही, सगळीकडेच. सूचना आली की नोंद घ्यायची आणि मग योग्य ते करायचं."

सपकाळांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं होतं, त्याला कुठे जावं ते कळत नव्हतं. "मंग एवढी वर्सं गाडी कोन चालवत हुतं?"

"कामाची विभागणी होती," पेटीबाई म्हणाल्या. "स्टिअरिंग आणि हॉर्न तुमच्याकडे होते. ते तुम्ही चांगलं सांभाळलंत. ब्रेक लागेल अशी वेळ मी येऊ दिली नाही."

मेस्त्री उठले. दारात चपला घालताना ते हळूच म्हणाले, "सपकाळ, म्या कुनाला बोलत न्हाय." आणि ते खरोखरच बोलले नाहीत, हे त्यांच्या बाबतीत सांगायला पाहिजे, कारण एरवी त्यांच्या पोटात काही राहत नसे.

सपकाळांनी त्या दिवशी बिल्ला काढला आणि शोकेसच्या खालच्या खणात, जुन्या चष्म्यांच्या शेजारी ठेवला. त्यांना फार वाईट वाटलं होतं. कोणी त्यांना चोर म्हटलं असतं तर ते भांडले असते, पण इथे भांडायला समोर कोणी नव्हतं. ज्या गोष्टीसाठी सगळं गाव त्यांना ओळखत होतं, ती त्यांनी केलेलीच नव्हती, आणि ज्यांनी ती केली होती त्या टीव्हीशेजारी बसून बातम्या ऐकत होत्या.

"आवं, बिल्ला का काडलाय?" इंदूबाईंनी विचारलं.

"टोचतोय," सपकाळ म्हणाले.

 रात्री भाजीत इंदूबाईंनी सपकाळांच्या आवडीचा लसूण जास्त घातला.

वार्षिक सभेत मेस्त्रींनी सांगितलं, की उकल जवळजवळ पूर्ण झाली आहे, थोडंच बाकी आहे. कुलथे सरांनी सांगितलं, की नवी पेटी तयार आहे आणि ती पायाचं तंतोतंत ऐकते. तात्यांनी सपकाळांकडे पाहिलं. सपकाळ हाय तशीच मागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"नवी द्या," सपकाळ म्हणाले. "माजं ऐकनारी द्या."

सभेत कुजबुज झाली. मुलाणी मेस्त्री आपल्या चपलांकडे बघत राहिले. आपल्या समितीचा पराभव त्यांनी एका शब्दानंही अडवला नाही. ठराव मंजूर झाला आणि नव्या पेटीची सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर नेमणूक झाली.

सपकाळांनी ही मागणी अभिमानानं केली होती, पण घरी येईपर्यंत त्या अभिमानाची जागा भीतीनं घेतली. उद्यापासून बस त्यांच्या पायाचं ऐकणार होती. बसमध्ये कोंडोशीची माणसं असणार होती, दुधाच्या किटल्या असणार होत्या, कडेवरची पोरं असणार होती. आणि पुढे खिंड होती. त्यांना जेवण गेलं नाही.

"सपकाळ," टीव्हीशेजारून पेटीबाई म्हणाल्या, "मला उद्या बसमध्ये न्या."

"कशापायी?"

"घरात बसून कंटाळा येतो."

दुसऱ्या दिवशी सपकाळांनी त्यांना आपल्या मागच्या सीटवर खिडकीशी ठेवलं आणि शेजारी बॅटरी ठेवली. शैला केंजळे आल्या. "तिकीट?" त्या म्हणाल्या.

"शैलाबाई, ह्या आपल्या पेटीबाई हाईत."

"हाईत ना. पन सीट अडवली की तिकीट लागतं. आन ज्येष्ठ नागरिकात त्या अजून बसत न्हाईत."

"बरोबर आहे," पेटीबाई म्हणाल्या. नियमात कोणी सूट मागितलेली त्यांना आवडत नसे. सपकाळांनी पूर्ण तिकीट काढलं.

ती फेरी कोंडोशीच्या लोकांच्या पुष्कळ दिवस लक्षात राहिली. नवी पेटी पायाचं खरोखरच ऐकत होती. सपकाळांना शिंक आली, तर बस शिंकत होती. खड्ड्यात त्यांचा पाय उडाला की बस उडी मारून पुढे जात होती, आणि ते घाबरून पाय उचलत तेव्हा सगळे प्रवासी पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळत होते. "सपकाळ, आज काय खाऊन आलायसा?" मागून कोणीतरी विचारलं. "होय सर, होय सर," असं डॅशबोर्डाखालून सारखं ऐकू येत होतं. सपकाळांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

खिंड ओलांडली. रस्ता सरळ दिसायला लागला. सपकाळांच्या पायाला जे समजत होतं ते समजलं, आणि तो दाबला जाऊ लागला.

"पाय," मागून पेटीबाई म्हणाल्या.

सपकाळांनी पाय उचलला. वेग उतरला आणि बस वळणावरून सावकाश निघून गेली.

त्या दिवसापासून रोज असंच होऊ लागलं. पेटीबाई पूर्ण तिकीट काढून मागच्या सीटवर बसायच्या आणि वळण आलं की एकच शब्द बोलायच्या. हा शब्द कुणासाठी आहे, हे प्रवाशांना कोणी सांगितलं नव्हतं. पेटीबाईंचा आवाज मात्र असा होता, की तो ऐकून बसून राहणं बरं दिसत नसे. पहिल्यांदा पुढच्या सीटवरच्या एका म्हातारीनं आपले पाय उचलून धरले. मग तिच्या शेजारणीनं उचलले. दिवाळीपर्यंत खिंडीतल्या वळणावर सगळी बस पाय उचलून धरायला लागली. उभे प्रवासी दांडा पकडून एक पाय वर घेत. शैला केंजळे आळीपाळीनं दोन्ही पाय उचलत, कारण त्या ड्यूटीवर असत. वळण संपलं की सगळे पाय खाली यायचे आणि बोलणी पुन्हा सुरू व्हायची. नव्या माणसाला शेजारचा माणूस सांगे, की इथे उचलायचे असतात.

बस घसरली नाही, घासली नाही. तात्यांनी संचालकांच्या बैठकीत सपकाळांचं पुन्हा अभिनंदन केलं. सपकाळ खाली मान घालून बसले होते. "बिल्ला कुटं गेला?" तात्यांनी विचारलं. "धुवाय टाकलाय," सपकाळ म्हणाले.

हिवाळा संपता संपता नव्या पेटीची परिवीक्षा पूर्ण झाली आणि संस्थेनं तिला कायम केलं. ते पत्र डेपोत वाचून दाखवलं गेलं, तेव्हा पेटीबाई बसमध्ये आपल्या सीटवर होत्या.

"आता पदावर कायम नेमलेली पेटी आहे," त्या म्हणाल्या. "आता मला कार्यभार द्यावा लागेल."

डेपोत एकच धावपळ झाली. कुलथे सरांना निरोप गेला आणि ते तास बुडवून आले. मुलाणी मेस्त्री हात पुसत आले. तात्यांनी खुर्ची मागवली. दोन समित्यांनी मिळून महिनोन्महिने ज्याचा शोध घेतला, ते आता उघड होणार होतं. सपकाळ पेटीबाईंना उचलून पुढे घेऊन आले आणि त्यांनी त्यांना डॅशबोर्डावर, नव्या पेटीच्या बरोबर वर ठेवलं. सगळे वाकून ऐकू लागले.

"ड्रायव्हरचं नीट ऐकून घ्यायचं," पेटीबाई म्हणाल्या. "त्याची नोंद घ्यायची. मग आपलं काम करायचं."

"समजलं, बाई," नवी पेटी म्हणाली.

सगळे वाकलेलेच राहिले.

"आणि?" कुलथे सरांनी विचारलं.

"एवढंच. बाकीचं तिनं या सहा महिन्यांत बघितलं आहे."

मेस्त्री म्हणाले, की त्यांची उकल अगदी याच निष्कर्षापर्यंत आलेली होती. सर म्हणाले, की नव्या पेटीत हे स्वीकारण्याची क्षमता त्यांनी मुळातच ठेवलेली होती. तात्यांनी दोन्ही समित्यांचे आभार मानले आणि दोन्हींना पुढच्या कामासाठी मुदतवाढ दिली.

सपकाळ मात्र जागच्या जागी बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं. सहा महिने ते खरे ड्रायव्हर होते. तेवढ्या दिवसांत त्यांना शिंकायचीही चोरी झाली होती, पण जे काही होत होतं ते त्यांच्या पायानं होत होतं. ते आता संपलं. शैला केंजळे यांनी पेटीबाईंना परत त्यांच्या मागच्या सीटवर ठेवलं, घंटी वाजवली आणि सपकाळांनी बस काढली.

बस लोण्यासारखी चालली होती. प्रवाशांना बरं वाटलं, काहीजण झोपलेही. आपण कधी दाबतोय आणि बस कधी ऐकतेय, याचा मेळ सपकाळांना लागेना, आणि लावण्याची त्यांना इच्छाही नव्हती. खिंड आली. ती ओलांडून बस उताराला लागली. रस्ता सरळ दिसू लागला.

पेटीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कार्यभार दिला होता, आता बोलण्याचा त्यांना अधिकार नव्हता.

बस वळणावरून सावकाश निघून गेली. पुढच्या सपाटीला आल्यावर सपकाळांच्या लक्षात आलं, की त्यांचा पाय हवेत आहे. तो कधी उचलला गेला, ते त्यांना आठवेना. त्यांनी डॅशबोर्डाकडे वाकून विचारलं, "आता वळनावर काय केलंस?"

"तुमच्या सूचनेची नोंद घेतली, सर," नवी पेटी म्हणाली. "मग योग्य ते केलं."

"काय हुती माजी सूचना?"

"डिझेल कमी करा, अशी होती."

"आन तुजं योग्य ते काय हुतं?"

"डिझेल कमी करणं."

"आदी कुनाचं झालं? तुजं का माजं?"

नव्या पेटीनं आपली नोंद पुन्हा तपासली. "एकाच वेळी झालेलं दिसतं, सर."

मागच्या सीटवर हालचाल झाल्यासारखी वाटली. "एकाच वेळी?" पेटीबाईंनी विचारलं. "माझ्या सगळ्या सेवेत असं एकदाही झालं नाही."

 सपकाळांना समोरचा रस्ता नीट दिसेना, तेव्हा त्यांनी बाहीनं डोळे पुसले. बस आपली व्यवस्थित चालली होती.

कोंडोशीला प्रवासी उतरले. सपकाळांनी जेवणाची पिशवी उघडली, तेव्हा डब्याच्या झाकणावर, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला, त्यांना बिल्ला सापडला. तो चिंचेनं घासून लख्ख केलेला होता. इंदूबाईंनी तो खणातून कधी काढला, कोण जाणे. सपकाळांनी तो खिशावर लावला, आरशात बघून सरळ केला आणि परतीची फेरी घेतली.

खिंडीजवळ येताना पेटीबाई झोपल्या होत्या आणि नव्या पेटीला कोणी काही सांगत नव्हतं. वळण आलं, तशी बोलणी थांबली. सगळ्यांनी पाय उचलले. सपकाळांनीही उचलला.